बुडालेलं जहाज आणि आपली वही



मागच्या अंकात घराच्या नमुना आठवर बाईचं नाव कसं लावायचं ते आपण वाचलं. या महिन्याचा अभ्यास समुद्राचा आहे. विषयाचं नाव जरा जड आहे: सागरी कायदा, पर्यावरण कायदा आणि संविधान. पण तिन्ही गोष्टी एका बुडालेल्या जहाजावरून समजून घेता येतात, आणि ते जहाज आपल्याच अरबी समुद्रात, खाली केरळसमोर बुडालं आहे. वरच्या डोंगरपट्ट्यातल्या गटांनी पान उलटू नये. सुकट घेऊन तुमच्या वाडीत येणारी काकी याच समुद्रावर जगते, आणि वहीबद्दल पुढे जे लिहिलंय ते शेळीवाल्या, कोंबडीवाल्या ताईंनाही लागू आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत.

आधी काय घडलं ते

एमएससी एल्सा ३ हे कंटेनर वाहणारं जहाज विळिंजम बंदरातून कोचीकडे निघालं होतं. २४ मे २०२५ ला ते कोचीच्या नैऋत्येला सुमारे ३८ सागरी मैलांवर एका बाजूला कलू लागलं आणि २५ मेच्या सकाळी बुडालं. जहाजावरच्या चोवीसही माणसांना तटरक्षक दल आणि नौदलाने वाचवलं, ही त्यातली चांगली बातमी.

जहाजावर ६४० कंटेनर होते. १३ कंटेनरमध्ये धोकादायक माल होता आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. कार्बाइड म्हणजे तेच, ज्याने आंबे पिकवायला बंदी आहे. त्याला पाणी लागलं की पेट घेणारा वायू तयार होतो. शिवाय जहाजाच्या टाक्यांत ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल होतं. पुढच्या काही दिवसांत कोल्लम आणि अलप्पुळाच्या किनाऱ्यावर कंटेनर येऊन आदळले. सरकारने लोकांना सांगितलं, हात लावू नका, २०० मीटर लांब राहा. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर तर प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे पसरले. साबुदाणा सांडल्यासारखे दिसतात ते. कारखान्यात हे दाणे वितळवून बादल्या, डबे, पिशव्या बनवतात. वाळूत मिसळले की चाळणीने चाळून काढावे लागतात, आणि मासे त्यांना अंडी समजून गिळतात.

बुडालेल्या जागेभोवती २० सागरी मैलांत मासेमारी बंद केली गेली. बुडालेल्या कंटेनरमध्ये जाळी अडकून फाटल्याच्या तक्रारी आल्या. मासळी खावी की नाही अशी लोकांना शंका, म्हणून बाजार पडला. २९ मे रोजी केरळ सरकारने ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली. मच्छीमार कुटुंबांना तातडीची मदत मिळाली ती प्रत्येकी १,००० रुपये आणि ६ किलो तांदूळ.

तारखेकडे पुन्हा एकदा बघा. २५ मे. आपल्याकडे १ जूनपासून पावसाळी बंदी लागते, म्हणून मेचा शेवटचा आठवडा म्हणजे तुमच्या सुकवणीचा सगळ्यात घाईचा काळ. बोंबील, जवळा, बांगडा, सोडे, जे काय चार महिने विकायचं ते याच दिवसांत उन्हात पडलेलं असतं. त्या आठवड्यात असं जहाज आपल्यासमोर बुडालं, तर होडीवाल्याचा आठवडा जाईल आणि सुकवणाऱ्या बाईचा अख्खा पावसाळा जाईल. आणि असं होतच नाही असं समजू नका. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईसमोर एमएससी चित्रा आणि खलिजा ३ ही जहाजं एकमेकांवर आदळली होती. तेव्हा तेल उरणच्या खारफुटीपर्यंत गेलं आणि मुंबईत लोक मासळी घ्यायला घाबरत होते. एल्साच्या नंतर पंधराच दिवसांनी, ९ जूनला, केरळसमोरच वान हाय ५०३ या दुसऱ्या जहाजाला आग लागली.

जहाजाला अटक

कायद्यात जहाजाला अटक करता येते. शब्द खरंच ‘अटक’ हाच आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हसू आलं होतं, पण त्यामागचा विचार पक्का आहे. या जहाजाची कंपनी स्वित्झर्लंडची, जहाजाची नोंदणी आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात, खलाशी चार देशांचे. नोटीस कोणाच्या दारावर चिकटवणार? म्हणून जगभरात एक पद्धत आहे. जहाज बंदरात उभं असतानाच न्यायालय त्याला थांबवतं. मालकाने पैसे किंवा बँकेची हमी जमा केली की मगच ते निघू शकतं. दावा पुढे चालत राहतो, पण वसुलीसाठी तारण हातात असतं. गटाचं कर्ज देताना दोन जामीनदार घेतो, त्यातलाच प्रकार.

आपल्याकडे यासाठी १८४० पासूनचे इंग्रजांच्या काळातले कायदे चालत होते. ते रद्द करून २०१७ साली अॅडमिरल्टी कायदा झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार किनारपट्टीच्या राज्यांतल्या उच्च न्यायालयांना जहाज अटकेचा अधिकार आहे, त्यात आपलं मुंबई उच्च न्यायालयही आलं. कोणत्या कारणांसाठी दावा लावता येतो त्याची यादी कायद्यात आहे. त्यात जहाजामुळे किनाऱ्याचं आणि पर्यावरणाचं झालेलं नुकसान स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण जहाज तर तळाला गेलं, मग अटक कोणाला? कायदा म्हणतो, त्याच मालकाचं दुसरं जहाज सापडलं तर ते धरा. केरळ सरकारने तेच केलं. ७ जुलै २०२५ रोजी केरळ उच्च न्यायालयाने विळिंजमला आलेलं एमएससी अकितेता २ हे जहाज थांबवण्याचा आदेश दिला. कंपनीचं म्हणणं पडलं की दोन्ही जहाजांचे मालक वेगळे आहेत. मोठ्या कंपन्यांत प्रत्येक जहाजाच्या नावाने कागदावर एक स्वतंत्र कंपनी काढलेली असते. एखाद्या सावकाराने पाच होड्या पाच नातेवाइकांच्या नावावर कराव्यात आणि देणं आलं की ‘ती होडी माझी नाही’ म्हणावं, हे तुम्हाला मी वेगळं समजवायला नको.

दुसरा वाद हद्दीचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी हे भारताचं प्रादेशिक पाणी. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत मासळी आणि खनिजांवर देशाचा हक्क असतो, पण तिथला कारभार केंद्राचा. जहाज १२ मैलांच्या पलीकडे बुडालं, तर राज्य सरकारला दावा लावायचा अधिकार आहे का? कंपनी म्हणते नाही. राज्य म्हणतं, जहाज कुठेही बुडू दे, दाणे आणि कंटेनर आमच्या वाळूवर आले, चूल आमच्या माणसांची विझली. न्यायालयाने दावा चालवायला घेतला आहे. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण मोठी जहाजं जातात ती बहुतेक १२ मैलांच्या पलीकडूनच. देवगड-मालवणसमोर रात्री जे दिवे सरकताना दिसतात, ते हेच.

आकडे, आणि त्यात आपला वाटा

केरळ सरकारचा दावा ९,५३१ कोटी रुपयांचा आहे. त्याची फोड अशी: पर्यावरणाचं नुकसान ८,६२६.१२ कोटी, साफसफाई आणि पूर्ववत करण्याचा खर्च ३७८.४८ कोटी, आणि मच्छीमारांचं आर्थिक नुकसान ५२६.५१ कोटी. म्हणजे दाव्यातल्या शंभर रुपयांपैकी मच्छीमारांच्या नुकसानीचे साडेपाच. सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जहाज सोडण्यासाठी १,२२७.६२ कोटींचं तारण ठरवलं. हा फक्त जामिनाचा आकडा आहे. कंपनीला नुकसानीचा आकडाच मान्य नाही, त्यामुळे पुरावे, साक्षी, तज्ज्ञ हे सगळं आलंच.

आता कंपन्यांच्या हातातलं हत्यार बघू. त्याला ‘दायित्वाची मर्यादा’ म्हणतात. जहाजाच्या आकारमानावरून एक रक्कम ठरते आणि मालकाने तेवढी भरली की त्याची सुटका. नुकसान त्याच्या दहापट झालेलं असलं तरी. हा नियम आंतरराष्ट्रीय करारातला आहे आणि भारताच्या कायद्यातही आहे. त्यामागचं जुनं कारण असं सांगतात, की समुद्रात धोका फार, एका अपघातात मालक कायमचा बुडला तर जहाजं चालवणार कोण? मालकाने जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे नुकसान केल्याचं सिद्ध झालं तर ही मर्यादा सुटते, पण ते सिद्ध करणं अवघड असतं. खरं सांगायचं तर मला हा नियम पटत नाही. आपल्या गटात कोणी म्हणालं, माझ्या घराच्या लांबीरुंदीवरून माझं कर्ज किती फेडायचं ते ठरवा, तर चालेल का?

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने १९५८ चा व्यापारी जहाज कायदा बदलून नवा कायदा केला. प्रदूषण, विमा, बुडालेली जहाजं काढणं यांच्या तरतुदी त्यात आहेत. त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

श्रीलंकेने वेगळी वाट धरली

या मर्यादेला वळसा घालायचा प्रयत्न शेजारच्या श्रीलंकेत झाला, आणि तो संविधानाच्या वाटेने झाला.

मे २०२१ मध्ये कोलंबोसमोर एक्स-प्रेस पर्ल या सिंगापूरमध्ये नोंदलेल्या जहाजाला आग लागली आणि २ जूनला ते बुडालं. त्यावर १,४८६ कंटेनर होते. त्यातल्या एका कंटेनरमधून नायट्रिक अॅसिड गळत होतं. गळका कंटेनर उतरवून घ्या अशी विनंती जहाजाने आधी कतारच्या हमाद बंदराला आणि मग गुजरातच्या हजिरा बंदराला केली होती. दोन्हीकडे नकार मिळाला. म्हणजे ते गळकं जहाज आपल्या किनाऱ्यासमोरूनच खाली गेलं, हे लक्षात ठेवा. त्या जहाजावरही हेच प्लास्टिकचे दाणे होते, शेकडो टन. श्रीलंकेच्या न्यायालयासमोर आलेली मोजदाद अशी: ४१७ कासवं, ४८ डॉल्फिन, ८ देवमासे मेले. वेळासला, वायंगणीला कासवांची अंडी राखणाऱ्या घरांना ४१७ म्हणजे काय ते कळेल.

कंपनीने लंडनच्या न्यायालयात जाऊन २०२३ मध्ये आपली जबाबदारी सुमारे १ कोटी ९० लाख पौंडांपुरती मर्यादित करून घेतली. आपल्या पैशात अंदाजे दोनशे कोटी. इकडे श्रीलंकेत पर्यावरण संस्था, मच्छीमार, कोलंबोचे आर्चबिशप यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केले. आमच्या मूलभूत हक्कांचा भंग झालाय, असं त्यांचं म्हणणं. २४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने कंपनीला १ अब्ज डॉलर भरायला सांगितले, म्हणजे साधारण साडेआठ हजार कोटी रुपये. पहिला हप्ता २५ कोटी डॉलरचा, सप्टेंबरपर्यंत. भरपाई वाटायला आयोग नेमला. स्वतःच्या सरकारी यंत्रणेलाही न्यायालयाने सोडलं नाही.

एका बाजूला दोनशे कोटी, दुसऱ्या बाजूला साडेआठ हजार कोटी, आणि जहाज तेच. फरक पडला तो प्रश्न कोणत्या दारात नेला त्यामुळे. पण लगेच टाळ्या वाजवू नका. निकालानंतर कंपनीने पैसे भरायला जाहीर नकार दिला. तिच्या हातात लंडनचा आदेश आहे, आणि श्रीलंकेच्या हातात तिचं जहाज नाही. केरळच्या अटकेची किंमत इथे कळते.

आपल्या संविधानात हे कुठे बसतं

कलम २१ म्हणजे जगण्याचा हक्क. नुसता श्वास चालू राहणं म्हणजे जगणं नाही, पोट भरायचं साधन हिरावलं तर जगण्याचाच हक्क जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्या लोकांच्या खटल्यात म्हटलं. ओल्गा टेलिस खटला म्हणतात त्याला. पुढे स्वच्छ पाणी आणि हवा हेही याच कलमात आलं. ज्याने प्रदूषण केलं त्याने भरायचं, हे तत्त्व १९९६ पासून आपल्या कायद्याचा भाग आहे. आणि २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही कलम १४ आणि २१ मधून येतो. तो खटला माळढोक पक्ष्याचा होता. माळढोकामुळे मच्छीमारणीला हक्क मिळावा, ही आपल्या कायद्याची गंमत.

मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत मी हे सगळं सांगत होते. मासळी विकणाऱ्या एक काकी शेवटपर्यंत शांत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “ह्या सगळा बरा, पण आमचा नाव खयच्या कागदार आसा?”

या लेखात मला जे सांगायचंय ते त्या काकींनी एका वाक्यात विचारून टाकलं.

उरणचं उदाहरण

न्यायालयात हक्क सिद्ध झाला तरी पैसे वाटताना यादी लागते. उरण परिसरातल्या चार कोळीवाड्यांनी हे अनुभवलं. बंदराच्या भरावामुळे, खारफुटी तोडल्यामुळे आणि खाडीच्या भरतीचं पाणी अडल्यामुळे मासेमारी गेली, म्हणून पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल लागला. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये द्यावेत. भागाकार करून बघा, एका कुटुंबाला ५ लाख ८४ हजार येतात. दिवसाला ८०० रुपये धरले तर बरोबर दोन वर्षांचे. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यामुळे निकाल आला आणि पैसे हातात पडले असं झालं नाही.

पण मला तुमचं लक्ष ‘कुटुंब’ या शब्दाकडे वळवायचंय. यादी कुटुंबांची होती. आपल्या वाड्यांत बघा. नवरा वारलेली, सासऱ्याच्या रेशनकार्डावर नाव असलेली, पण स्वतःच्या पाटीवर दोन मुलं शिकवणारी बाई. नवरा मुंबईला वॉचमन, इथे मासळीचा धंदा एकटी सांभाळणारी बाई. खाडीत तिसऱ्या, कालवं काढणारी, जिच्याकडे ना होडी, ना परवाना, ना सोसायटीचं सभासदत्व. यातलं कोण ‘मच्छीमार कुटुंब’ धरलं जाईल? होडीचा नोंदणी क्रमांक असतो, जाळ्याची पावती असते, डिझेलच्या सवलतीचा कागद असतो. पाटीचं काय असतं?

मग वहीत काय लिहायचं

नुकसानभरपाईचा हिशोब नेहमी दोन आकड्यांवर होतो: आधी किती मिळत होतं, आणि घटनेनंतर किती मिळालं. दुसरा आकडा सगळेच सांगतात. पहिला कोणाकडेच लिहिलेला नसतो, आणि तो मागाहून लिहिता येत नाही. जहाज बुडाल्यावर आणलेल्या नव्या वहीला वकील एका प्रश्नात उडवून लावतो.

म्हणून आजपासून एक साधी वही. तारीख, मासळी कोणती, कोणाकडून घेतली, किती किलो किंवा किती पाट्या, किती रुपयांना, बर्फ आणि टेम्पोचा खर्च, विक्री किती झाली. ज्या दिवशी धंदा झाला नाही त्या दिवशीही तारीख घालून ‘बंद’ लिहायचं आणि कारण लिहायचं. सुकवणीचं वेगळं पान: ओली किती घेतली, सुकून किती उरली, कोणत्या बाजाराला किती गेली. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, सुनेला सांगा, गटाच्या सचिवाला महिन्यातून एकदा सही करायला सांगा. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे देत असेल तर ती नोंद तुमच्याच खात्यावर येऊ दे. मुलाच्या फोनवर आलेले पैसे कागदावर मुलाचेच.

दुसरी गोष्ट आपल्या हातातलीच आहे आणि तिच्यावर मी जरा रागावूनच लिहितेय. गटाचं कर्ज रजिस्टर. ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘घरखर्च’ नाहीतर ‘किरकोळ’ लिहिलेलं असतं. काकी त्या पैशांतून लिलावातली मासळी घेते, मीठ घेते, चटया घेते, आणि रजिस्टर म्हणतं घरखर्च! पाच वर्षांची अशी रजिस्टरं म्हणजे पाच वर्षांचा पुरावा आपण आपल्याच हाताने पुसला. पुढच्या कर्जापासून सरळ लिहा: ‘सुकी मासळी व्यवसाय’, ‘ताजी मासळी खरेदी’, ‘शिंपले विक्री’. इतिवृत्तातही तसंच.

सरकारी नोंदी म्हणाल तर ई-श्रम कार्डावर व्यवसाय ‘गृहिणी’ न लिहिता मासळीचं काम लिहून घ्या. केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर मासळी विकणाऱ्या आणि मासळीच्या कामात असलेल्या बायांचीही नोंदणी होते, फक्त होडीवाल्यांची नाही. मच्छीमार सोसायटीत सभासद होता येतं का ते विचारा. नाही म्हणाले तर लेखी नाही मागा.

आणि खरंच काही घडलं तर? किनाऱ्यावर कंटेनर, पिंप, दाणे, तेलाचा थर दिसला तर जवळ जाऊ नका आणि पोरांना जाऊ देऊ नका. सागरी सुरक्षेचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, नाहीतर ११२. लांबून फोटो काढा. मग ग्रामपंचायत, ग्राम महसूल अधिकारी आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी करा. त्या पंचनाम्यात जाळी आणि होड्यांबरोबर वाळत घातलेली मासळी, न विकलेला माल आणि शिंपल्यांची जागा लिहून घ्यायला लावा. एप्रिल-मेमध्ये वाळूत मिळणारे डांबराचे गोळेही फोटो काढून तारखेसह ठेवा. ते कोणत्या जहाजातून आले ते कळत नाही, म्हणून त्यांच्यावर दावाही कोणी लावत नाही. पण दरवर्षीची नोंद असेल तर निदान विचारता येईल.

वकिलाच्या फीची भीती वाटते, हे मला माहीत आहे. मोफत कायदेशीर मदतीचा १९८७ चा कायदा आहे. त्यात महिलेला उत्पन्नाची अट नाही. बाई आहे एवढं पुरे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. हरित न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज घटनेपासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो आणि दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला त्याची फी नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने गेल्या आठवड्याची खरेदी-विक्री आठवून एका कागदावर लिहून आणा. आकडे चुकले तरी चालतील. सचिवांनी कर्ज रजिस्टर सोबत ठेवावं, कारणाचा रकाना आपण सगळ्यांसमोर उघडून वाचणार आहोत.